दूर गेलेल्यांचा इराण

इराणच्या इतिहासात देश सोडून जाण्याची दोन मोठी पर्वे आहेत. पहिले पर्व सातव्या शतकात सासानी साम्राज्य अरब आक्रमणापुढे कोसळल्यानंतरचे. शेवटचा सासानी सम्राट तिसरा यझ्दगर्द 651 मध्ये मारला गेला. पुढच्या काही शतकांत जरथुष्ट्री धर्म पाळणारे काही गट समुद्रमार्गे गुजरातच्या किनाऱ्याला लागले. आजचे पारशी हे त्यांचे वंशज. दुसरे पर्व 1979 च्या इस्लामी क्रांतीनंतरचे आणि 1980 ते 1988 या काळातल्या इराण-इराक युद्धाचे. या वेळी शिया मुसलमान, ज्यू, बहाई, आर्मेनियन ख्रिस्ती, जरथुष्ट्री आणि कोणताही धर्म न मानणारे, अशा सगळ्याच प्रकारच्या इराण्यांनी अमेरिका, कॅनडा, जर्मनी, स्वीडन, ब्रिटन आणि इतर देश गाठले. या दोन पर्वांच्या मधे एक लहान लाट येऊन गेली. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत यझ्द आणि करमान परिसरातून बरीच कुटुंबे मुंबई-पुण्याला आली. कोपऱ्यावरच्या चहा आणि ब्रुन-मस्क्याच्या हॉटेलामुळे मराठी माणूस ज्यांना 'इराणी' म्हणून ओळखतो, ते हे लोक.

या सगळ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहिला. मायदेशाशी नाते ठेवायचे म्हणजे नेमके कशाशी ठेवायचे? तिथल्या जमिनीशी, तिथल्या राज्याशी, भाषेशी, धर्माशी, की तिथे आज राहणाऱ्या माणसांशी? आणि ते नाते नुसते आठवणीत न राहता जिवंत आहे, हे कशावरून ओळखायचे? इराणी स्थलांतरितांचा अनुभव हजार वर्षांहून अधिक लांबीचा आणि अनेक धर्मांत विभागलेला आहे. त्यामुळे या प्रश्नाची तपासणी करायला त्याच्याइतके भरघोस उदाहरण क्वचितच मिळेल.

धर्मपरंपरांनी दिलेली उत्तरे

इराणच्या भूमीत रुजलेल्या धर्मविचारात या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे सापडतात.

पहिले उत्तर जरथुष्ट्री परंपरेतले. अवेस्तातल्या वंदिदाद या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात अहुरमझ्दाने, म्हणजे परमेश्वराने, निर्माण केलेल्या सोळा भूमींची यादी येते. तिची सुरुवात एका विलक्षण विधानाने होते. प्रत्येक भूमी तिथल्या रहिवाशांना प्रिय वाटावी अशी योजना आपणच केली, मग त्या भूमीत रमण्यासारखे काही असो वा नसो, असे अहुरमझ्दा जरथुष्ट्राला सांगतो. म्हणजे देशावरचे प्रेम हा माणसाचा दुबळेपणा नसून सृष्टीच्या रचनेचाच भाग ठरतो. याच अध्यायात पुढे प्रत्येक भूमीवर दुष्ट शक्तीने कोणते संकट लादले तेही सांगितले आहे. कुठे कडाक्याचा हिवाळा, कुठे कीड, कुठे अश्रद्धा. भूमी प्रिय आहे आणि ती पीडितही आहे, या दोन गोष्टी तिथे बरोबरीने येतात. जरथुष्ट्री धर्मात माणसाचे काम सृष्टीची पीडा कमी करण्याचे आहे. त्यामुळे प्रिय भूमीविषयीची भावना कर्तव्यापासून वेगळी काढता येत नाही.

दुसरे उत्तर इस्लामी काळातल्या सूफी आणि तत्त्वचिंतकांचे. मायभूमीवरील प्रेम हा श्रद्धेचाच भाग आहे, असे एक वचन मुस्लिम जगात प्रसिद्ध होते. जलालुद्दीन रूमी (1207–1273) याने ते ऐहिक देशाविषयी घेऊ नये, असे बजावले. आत्मा जिथून आला ते त्याचे खरे घर, असा त्याचा अर्थ त्याने लावला. रूमी स्वतः स्थलांतरित होता. बल्खच्या मुलखातून निघालेले त्याचे कुटुंब अखेर आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात स्थिरावले, आणि तिथे त्याने फारसीत लिहिलेल्या 'मसनवी'चा आरंभ बेटातून तोडल्या गेलेल्या वेळूच्या विलापाने होतो. त्याच्या आधी शिहाबुद्दीन सुहरवर्दी (1154–1191) या इराणी तत्त्वज्ञाने पश्चिमेच्या अंधारात कैद झालेल्या आणि पूर्वेच्या प्रकाशाकडे परतू पाहणाऱ्या जीवाची रूपककथा लिहिली होती. त्यालाही इराणपासून दूर, अलेप्पोमध्ये मृत्युदंड झाला. या परंपरेत परदेशवास ही मानवी जीवनाचीच अवस्था ठरते. कोणीही पूर्णपणे घरी नसतो.

दोन्ही उत्तरांत बळ आहे आणि दोहोंत धोकाही आहे. पहिल्याच्या आधारे भूमीची पूजा सुरू होऊ शकते आणि माणसे विसरली जातात. दुसऱ्याच्या आधारे तिथल्या माणसांच्या हालांकडे पाठ फिरवता येते, कारण खरा देश तर या जगाचा नाहीच. स्थलांतरितांनी प्रत्यक्षात काय केले हे पाहिले, म्हणजे या दोहोंतला मार्ग कसा काढला गेला ते कळते.

संजाणचा अग्नी

पारशांच्या आगमनाची हकीकत सांगणारा मुख्य आधार म्हणजे 'किस्सा-ए-संजाण' हे फारसी काव्य. बहमन कैकोबाद संजाणा या धर्मगुरूने ते 1600 च्या सुमारास नवसारीत रचले. आगमनाच्या नेमक्या सालाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण संजाणला वसल्यावर या लोकांनी आतशबेहराम, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचा पवित्र अग्नी, प्रतिष्ठापित केला, ही परंपरेतली मध्यवर्ती घटना आहे. त्याचे नाव इराणशाह.

हा अग्नी इराणमधून जळता आणलेला नव्हता. तो भारताच्या मातीत प्रज्वलित झाला. किश्शानुसार विधीची उपकरणे मात्र खोरासानहून आणवली होती. आतशबेहरामच्या प्रतिष्ठेसाठी सोळा प्रकारचे अग्नी गोळा करावे लागतात. त्यांत कुंभाराच्या, सोनाराच्या, लोहाराच्या भट्टीचा अग्नी येतो आणि वीज पडून लागलेला अग्नीही येतो. प्रत्येकाची वेगळी शुद्धी होते आणि मग सर्व एकत्र केले जातात. भारतातल्या भट्ट्यांचा आणि भारताच्या आकाशातल्या विजेचा अग्नी इराणच्या विधीने शुद्ध होऊन इराणचा झाला.

पंधराव्या शतकात संजाणवर मुस्लिम सुलतानाच्या फौजेचा हल्ला झाला तेव्हा धर्मगुरूंनी हा अग्नी बाहेर काढला. तो आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बहारोटच्या डोंगरात 12 वर्षे, मग वांसद्याला 14 वर्षे आणि पुढे नवसारीला राहिला, असे परंपरा सांगते. 1742 पासून तो उदवाड्यात आहे. दिवसाचे पाच प्रहर मानलेले आहेत. प्रत्येक प्रहर पालटला की धर्मगुरू तोंडावर पदान हे फडके बांधून गाभाऱ्यात जातो, चंदनाची लाकडे रचून अर्पण करतो आणि दुष्ट विचार, दुष्ट वचन, दुष्ट कर्म यांना हाकलण्यासाठी घंटा वाजवतो. या विधीला बोई म्हणतात. मध्यरात्र असो की भर पाऊस, तो चुकत नाही. भाषा गेली, पोशाख बदलला, साडी आली, घरात गुजराती आली. हा विधी मात्र राहिला.

यातून पहिला निष्कर्ष निघतो. नाते टिकवण्यासाठी मूळ वस्तू हाती असावी लागत नाही. मुळात जी कृती होती ती अखंड करत राहावे लागते.

रिवायती : प्रश्न जातो, उत्तर येते

केवळ विधी पुरेसा असता तर पारशांना पुन्हा इराणकडे पाहण्याची गरज पडली नसती. पण विधी करताना शंका येतात, ग्रंथ फाटतात, जाणकार मरतात. पंधराव्या शतकात नवसारीचे पुढारी चांगा आसा यांनी पुढाकार घेतला आणि भरूचच्या नरिमान होशंग याला इराणला पाठवले. तो यझ्दला पोहोचला. परंपरा अशी की त्याला फारसी येत नव्हती, म्हणून त्याने तिथे काही काळ खजुराचा किरकोळ व्यापार केला, भाषा शिकला आणि मगच धर्मगुरूंना प्रश्न विचारले. 1478 मध्ये तो उत्तरे, पत्र आणि हस्तलिखिते घेऊन परतला.

त्या पत्रातला मजकूर हृदयाला भिडणारा आहे. भारतात आपले धर्मबंधू हयात आहेत हे कळल्याचा आनंद त्यात आहे आणि स्वतःच्या हालअपेष्टांचे वर्णनही आहे. शेवटी एक व्यावहारिक सूचना केलेली आहे : पहलवी ही धर्मग्रंथांची जुनी भाषा शिकण्यासाठी एक-दोन समजूतदार धर्मगुरू इकडे पाठवावेत, समुद्राची भीती वाटत असेल तर कंदहारवरून सीस्तानपर्यंत आणि तिथून यझ्दपर्यंतचा खुष्कीचा रस्ता आहे.

हा पत्रव्यवहार पुढे जवळजवळ 300 वर्षे चालू राहिला. या प्रश्नोत्तरांच्या संग्रहांना रिवायती म्हणतात. प्रेताला स्पर्श झाल्यास शुद्धी कशी करावी, प्रेते ठेवण्याचा दख्मा कसा बांधावा, वारसा कोणाकडे जावा, विवाह कोणता वैध, असे अगदी रोजच्या जगण्यातले प्रश्न त्यांत येतात. श्रद्धा धरलेल्या परधर्मीय दासांना किंवा सेवकांना धर्मात घ्यावे का, असेही विचारले गेले, आणि इराणच्या मोबेदांचे, म्हणजे धर्मगुरूंचे, उत्तर होकारार्थी होते. भारतातल्या समाजाला ते फारसे रुचणारे नव्हते. प्रश्न विचारणाऱ्याला नको असलेले उत्तर मिळू शकते, हे या पत्रव्यवहाराचे मोठे वैशिष्ट्य आहे. आठवणीतला देश कधीच मतभेद व्यक्त करत नाही. जिवंत माणसे ते करतात.

शेवटची रिवायत 1773 ची. तीत 78 प्रश्नांची उत्तरे असल्यामुळे ती 'इठोतेर रिवायत' म्हणून ओळखली जाते. ती मिळवणारा भरूचचा मुल्ला काऊस आपल्या लहान मुलाला घेऊन इराणला गेला आणि बापलेक बरीच वर्षे तिथे राहिले. परतल्यावर मुंबईतल्या पहिल्या आतशबेहरामचे, म्हणजे 1783 मध्ये प्रतिष्ठापित झालेल्या दादीशेठ आतशबेहरामचे, दस्तूरपद, म्हणजे प्रमुख धर्मगुरूचे पद, त्याच्याकडे आले. त्याचा मुलगा मुल्ला फिरोझ पुढे मोठा विद्वान झाला. त्याने जमवलेली हस्तलिखिते आज मुंबईच्या के. आर. कामा प्राच्यविद्या संस्थेत आहेत.

पंचांगाचा वाद

नाते जिवंत असले की वादही येतो. करमानचा विद्वान धर्मगुरू जमास्प 1721 च्या सुमारास सुरतेला आला, तेव्हा त्याच्या लक्षात आले की भारतातले पारशी पंचांग आणि इराणमधले जरथुष्ट्री पंचांग यांत एका महिन्याचा फरक आहे. जरथुष्ट्री वर्ष 365 दिवसांचे. ते ऋतूंशी जुळते राहावे म्हणून दर 120 वर्षांनी एक अधिक महिना धरण्याची प्रथा पूर्वी होती, असे मानले जाते. भारतात तो महिना एकदा धरला गेला, इराणात धरला गेला नाही, अशी या फरकाची कारणमीमांसा केली जाते.

हा फरक किरकोळ नव्हता. प्रार्थनेत त्या दिवसाचे आणि महिन्याचे नाव घ्यावे लागते. महिना चुकीचा असेल तर प्रार्थना पोहोचते का, पूर्वजांच्या स्मरणाचे मुक्ताद दिवस खोट्या वेळी पाळले गेले का, अशी चिंता निर्माण झाली. 1745 मध्ये सुरतेतल्या एका गटाने इराणचे पंचांग स्वीकारले. हे कदमी. बाकीचे आपल्या जुन्या रिवाजाला धरून राहिले. हे शहेनशाही. पुढे यावरून घरे आणि अग्यारीही विभागल्या गेल्या. वर उल्लेखलेला दादीशेठ आतशबेहराम कदमींचा. विसाव्या शतकाच्या आरंभी ऋतूंशी मेळ घालणारे फसली पंचांग पुढे आले आणि मुंबईत त्याचे पुरस्कर्ते 1906 मध्ये संघटित झाले.

या वादाच्या मुळाशी असलेला तात्त्विक प्रश्न आजही प्रत्येक स्थलांतरित समाजाला पडतो. मूळ देशात आज जे चालते ते प्रमाण मानायचे, की आपल्या पूर्वजांनी बरोबर आणले आणि शतकानुशतके पाळले ते? कदमींनी पहिली बाजू घेतली, शहेनशाहींनी दुसरी. दोघांनाही इराणविषयी तितकीच आस्था होती. एकाने आजच्या इराणला मान दिला, दुसऱ्याने आपल्या पूर्वजांच्या इराणला. निर्विवाद निकाल लागला नाही, आणि इतिहास पाहता तो लागण्यासारखाही नव्हता. इराणमधल्या जरथुष्ट्र्यांनीच पुढे विसाव्या शतकात आपले जुने पंचांग बदलून ऋतूंशी जुळणारे पंचांग मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. ज्याला प्रमाण मानावे तो देशही बदलत असतो.

ऋण फेडण्याची रीत

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती उलटली. व्यापाराने सधन झालेल्या मुंबईच्या पारशांना आता इराणमधल्या धर्मबंधूंचे हाल दिसू लागले. तिथल्या जरथुष्ट्र्यांना जिझिया हा बिगर-मुस्लिमांवरचा कर द्यावा लागे, घोड्यावर बसण्यापासून घराच्या उंचीपर्यंत अपमानकारक बंधने पाळावी लागत. छळाला कंटाळून मुंबईत आलेल्या कुटुंबांपैकी एका कुटुंबातली गुलिस्तानबानू ही तरुणी फ्रामजी पांडे या पारशी गृहस्थाशी विवाहबद्ध झाली. तिच्या मुलांनी इराणमधून येणाऱ्यांना आश्रय देण्याचे काम हाती घेतले. त्यातूनच पुढे इराणमधल्या जरथुष्ट्र्यांची स्थिती सुधारण्यासाठी मुंबईत निधी उभा राहिला.

या निधीचा प्रतिनिधी म्हणून माणेकजी लिमजी हातारिया (1813–1890) 1854 मध्ये इराणला गेले. साऱ्या देशात तेव्हा जेमतेम सात-आठ हजार जरथुष्ट्री उरले होते. हातारियांनी यझ्द आणि करमानमध्ये अग्निमंदिरे आणि दख्मे दुरुस्त केले, मुलांसाठी शाळा काढल्या आणि दरबारात चिकाटीने पाठपुरावा केला. अखेर 1882 मध्ये नासिरुद्दीन शाहने फर्मान काढून जरथुष्ट्र्यांवरचा जिझिया रद्द केला. हातारियांनी आयुष्याची उरलेली वर्षे बहुतांशी इराणमध्येच काढली आणि तिथेच त्यांचा मृत्यू झाला.

हे नातेही एकतर्फी नव्हते. यझ्दजवळच्या पार्स बानू या डोंगरातल्या तीर्थस्थानी गायीचा बळी देण्याची प्रथा होती. भारतात वाढलेल्या हातारियांना ती असह्य वाटली आणि त्यांच्या आग्रहामुळे ती बंद झाली. हिंदू शेजाऱ्यांत शतके काढलेल्या समाजाचा संस्कार अशा रीतीने इराणच्या डोंगरात पोहोचला. आधी इराण शिकवत होता आणि भारत शिकत होता. आता मायदेशाने दूर गेलेल्यांकडून काही घेतले.

विसाव्या शतकात ही देवाणघेवाण धर्माच्या सीमा ओलांडून गेली. रश्त शहरातल्या मुस्लिम घरात जन्मलेले इब्राहिम पूर्दावूद 1925 मध्ये मुंबईला आले आणि पारशी विद्वानांच्या सहवासात राहिले. त्यांनी केलेला अवेस्तातल्या गाथांचा फारसी अनुवाद मुंबईतूनच 1927 मध्ये प्रसिद्ध झाला. जरथुष्ट्राचे शब्द आधुनिक फारसी वाचकाला मिळाले ते परदेशात गेलेल्यांच्या मदतीने. फारसीतला पहिला बोलपट 'दुख्तर-ए-लोर' हाही मुंबईतच 1933 मध्ये, पुण्यात जन्मलेल्या अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीत तयार झाला. अब्दुल हुसेन सेपंता यांनी त्याची कथा लिहिली आणि त्यात भूमिकाही केली. 1934 मध्ये यझ्दच्या आतशबेहरामची आजची इमारत उभी राहिली, तीही पारशांच्या देणगीतून.

1979 नंतरचे इराणी

दुसऱ्या पर्वातल्या स्थलांतरितांची परिस्थिती अनेक बाबतींत वेगळी आहे. टेलिफोन, उपग्रह वाहिन्या आणि इंटरनेट यांमुळे त्यांचा इराण रोज त्यांच्या घरात असतो. लॉस एंजेलिसच्या वेस्टवूड भागात फारसी पुस्तकांची दुकाने, किराणा आणि उपाहारगृहे आहेत. पण जाणे सोपे नाही. इराणी कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तरुण पुरुषांपुढे सक्तीच्या लष्करी सेवेचा प्रश्न असतो आणि राजकीय मते उघड मांडलेल्यांना अटकेची भीती असते. पारशांचे पूर्वज इतके दूर होते की बातमी यायला वर्षे लागत. आजचा स्थलांतरित क्षणात बातमी ऐकतो आणि तरीही आईच्या अंत्ययात्रेला जाऊ शकेल की नाही, हे त्याला सांगता येत नाही.

या लोकांना जोडणारा सर्वांत बळकट धागा म्हणजे नवरोझ, इराणी नववर्षाचा सण. तो वसंतसंपाताच्या क्षणी सुरू होतो आणि इराणी माणूस कोणत्याही धर्माचा असला तरी तो पाळतो. तयारी दोन-तीन आठवडे आधीच सुरू होते. गहू किंवा मसूर भिजवून ताटलीत पसरतात, वर ओले फडके टाकतात आणि रोज पाणी शिंपडतात. सणापर्यंत हिरवेगार सब्झे तयार होते. हफ्त-सीनच्या, म्हणजे 'स'ने सुरू होणाऱ्या सात वस्तूंच्या, सफऱ्यावर त्याच्याबरोबर सफरचंद, लसूण, सिरका, सुमाक, सेंजेदची सुकी फळे आणि गव्हाच्या अंकुरांपासून शिजवलेला समनू मांडतात. शेजारी आरसा, नाणी, आणि एक ग्रंथ. कोणाच्या घरी कुराण असते, कोणाच्या घरी हाफिजचा दीवान, कोणाच्या घरी शाहनामा, जरथुष्ट्र्यांकडे अवेस्ता. संपाताचा क्षण साऱ्या जगात एकच असतो. तो तेहरानात पहाटे आला तर लॉस एंजेलिसमध्ये आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, पण दोन्हीकडची कुटुंबे त्याच क्षणी एकमेकांना शुभेच्छा देतात. तेराव्या दिवशी सारे घराबाहेर पडतात आणि ते सब्झे वाहत्या पाण्यात सोडतात. हा सण विशिष्ट पंथाचा नाही, भूमीवर अवलंबून नाही आणि दर वर्षी हातांनी करावा लागतो. त्याच्या बळाचे रहस्य यातच आहे.

धर्मानुसार नात्याचे स्वरूप मात्र बदलते. इराणी ज्यूंचे उदाहरण विचार करायला लावणारे आहे. बॅबिलोनच्या काळापासून इराणी भूमीत असलेला हा समाज ज्यू धर्माच्या हिशेबाने तिथेही परदेशवासातच होता. तरी चौदाव्या शतकात शिराझच्या शाहीन या कवीने मोझेसची कथा हिब्रू लिपीत, पण फारसी काव्यात सांगितली. आज लॉस एंजेलिसमधली इराणी ज्यू कुटुंबे शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या जेवणाला हरभऱ्याचे पीठ आणि कोंबडीचा खिमा यांचे गोंदी करतात. प्रार्थनेत जेरुसलेम असते आणि ताटात इराण. एका माणसाला दोन मायभूमी असू शकतात आणि त्यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही, हे या समाजाने दाखवले आहे.

बहाईंची स्थिती याहून कठीण आहे. त्यांचा धर्म एकोणिसाव्या शतकात इराणमध्येच जन्मला. त्यांच्यासाठी शिराझमधले, धर्माचे अग्रदूत बाब यांचे घर तीर्थस्थान होते, ते 1979 मध्ये पाडले गेले. साऱ्या पृथ्वीला एक देश मानण्याची त्यांच्या धर्माची शिकवण आहे. म्हणून या धर्माच्या इराणी अनुयायांनी मायदेशाचे नाते दुःखाच्या गणतीत न ठेवता जिथे गेले तिथे शाळा आणि सेवा यांतून पुढे नेले. पाचगणीला 1945 मध्ये सुरू झालेली न्यू एरा ही बहाई शाळा महाराष्ट्राला परिचित आहे.

ज्यांना धर्माचा आधार नको होता त्यांनी ज्ञानाचा मार्ग धरला. एहसान यारशातेर (1920–2018) यांनी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 'एन्सायक्लोपीडिया इराणिका' उभा केला. त्याचा पहिला भाग 1982 मध्ये निघाला. इराणमधल्या वनस्पतींपासून बोलींपर्यंत आणि वाद्यांपासून राजवंशांपर्यंत सगळ्यांची नोंद घेणारा हा कोश देशाबाहेर तयार झाला.

गोठलेला मायदेश

दूर राहणाऱ्यांपुढचा सर्वांत मोठा धोका विसरण्याचा नाही, तर थांबण्याचा आहे. जो निघून जातो त्याच्या मनातला देश तो निघाला त्या दिवसाचा असतो. 1979 मध्ये गेलेल्यांच्या मनात सत्तरच्या दशकातले तेहरान असते. तिथली गाणी, रस्त्यांची जुनी नावे, तेव्हाचे बोलणे. पुढच्या पिढीला हाच इराण वारशात मिळतो, आणि ती प्रत्यक्ष तिथल्या समवयस्काशी बोलू लागली की दोघांना एकमेकांचे संदर्भ कळत नाहीत. घरात फारसी बोलली जाते, पण अनेक मुलांना लिपी येत नाही. ती फारसी शब्द रोमन लिपीत लिहितात. म्हणून शनिवार-रविवारच्या फारसी शाळांना महत्त्व आले. लिपी आली तर आजचे इराणी लेखन वाचता येते, नाहीतर आजी-आजोबांच्या गोष्टींवर थांबावे लागते.

दुसरा धोका तिथल्या लोकांच्या वतीने बोलण्याचा. 16 सप्टेंबर 2022 रोजी महसा जीना अमिनी या कुर्द तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला आणि देशभर आंदोलन पेटले. त्यानंतर 22 ऑक्टोबरला बर्लिनमध्ये सुमारे 80 हजार लोक जमले. इराणमधल्या तरुणींचा आवाज जगभर पोहोचवण्यात स्थलांतरितांनी मोठी कामगिरी केली. पण त्याच काळात देशाचे भवितव्य काय असावे, राजेशाही की प्रजासत्ताक, यावर परदेशातले गट आपसांत झगडू लागले. त्याची किंमत मोजणारे मात्र देशात होते. हातारिया इथे आदर्श ठरतात. ते निधी घेऊन गेले, यझ्दच्या गल्ल्यांत राहिले, लोकांना काय हवे ते ऐकले आणि मग मागणी केली.

तिसरा धोका शुद्धतेच्या हट्टाचा. उत्तर अमेरिकेत पारशी आणि इराणी जरथुष्ट्री एका छताखाली आले. अरबाब रुस्तम गीव (1888–1980) या इराणी जरथुष्ट्री दात्याच्या देणगीतून न्यू यॉर्क, टोरंटो, लॉस एंजेलिस अशा शहरांत प्रार्थनास्थाने उभी राहिली. तिथे दोन्हीकडचे लोक जमतात तेव्हा अवेस्ताचे उच्चार वेगळे, सण वेगळे, परधर्मात लग्न झालेल्यांविषयीची भूमिका वेगळी. कोण अधिक अस्सल, हा प्रश्न धरला तर समाज फुटतो. एकमेकांकडून शिकायचे ठरवले तर रिवायतींचा काळ परत सुरू होतो. भारतातली पारशांची संख्या 2011 च्या जनगणनेत 57,264 इतकीच भरली. अशा छोट्या समाजाला शिकण्याचा मार्गच परवडण्यासारखा आहे.

निष्कर्ष

या दीर्घ अनुभवातून जिवंत नात्याच्या तीन कसोट्या हाती लागतात. पहिली कृतीची. बोई असो, नवरोझचे सब्झे असो की शुक्रवारचे गोंदी, नाते हातांनी करावे लागते. जे केवळ सांगितले जाते ते दोन पिढ्यांत संपते. दुसरी देवाणघेवाणीची. प्रश्न गेला पाहिजे आणि उत्तर आले पाहिजे, मदत गेली पाहिजे आणि शिकवणही आली पाहिजे. ज्या नात्यात फक्त एक बाजू बोलते ते कितीही उत्कट असले तरी ती स्मरणभक्ती असते. तिसरी कसोटी बदल सोसण्याची. पंचांगाच्या वादात एका गटाने आपले सण बदलले, पार्स बानूला शतकांची प्रथा थांबली, गाथा नव्या फारसीत आल्या. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आपले काही सोडले.

वंदिदादची शिकवण आणि सूफींची शिकवण या टप्प्यावर एकमेकींना पूरक होतात. भूमी प्रिय असणे हे देवाच्या योजनेत आहे, म्हणून त्या प्रेमाची लाज वाटायला नको. आणि कोणतीच भूमी माणसाचे अखेरचे घर नाही, म्हणून त्या प्रेमाला मालकीहक्काचे रूप येता कामा नये. प्रेम करावे, पण ताबा सांगू नये, इतका समतोल साधला तर परदेशात जन्मलेल्या पाचव्या पिढीचाही इराण खरा राहतो.

देश सोडून गेलेल्या कोणत्याही समाजाने, मग तो लॉस एंजेलिसमधला इराणी असो की न्यू जर्सीतला मराठी, स्वतःला एवढेच विचारावे : मायदेशातल्या आजच्या माणसाला आपण शेवटचा खरा प्रश्न केव्हा विचारला, आणि त्याचे न पटणारे उत्तर आपण ऐकून घेतले का? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता आले, तर त्या समाजाचे मायदेशाशी असलेले नाते जिवंत आहे.